हळदीत धुतलेला रोल

फोटोच्या रोलची कंपनी आमच्या कुरुंद्याला पूर्वी एस.टी.नं यायची. म्हणजे कंपनीचा माणूस यायचा, पण आमच्या लेखी तोच कंपनी. खांद्याला फुगलेली बॅग, बॅगेत रोल, कागदाची पाकिटं आणि हसऱ्या बाळाचं गुंडाळलेलं पोस्टर. दुकानात आला की आधी पाणी मागायचा, मग चहा, आणि मग मला न विचारता डार्करूमचा पडदा सारून आत घुसायचा. रसायनाच्या ट्रेवर वाकून हुंगायचा आणि बाहेर येऊन चारचौघांत म्हणायचा, "मालक, हे डेव्हलपर हाय का बैल धुतलेलं पाणी? फेका हे. गिऱ्हाइकाच्या लग्नाची माती करून राहिले तुमी."

बाकावरचे लोक हसायचे. मला राग यायचा, पण मी ते फेकायचो. पुढच्या खेपेला तो पुन्हा हुंगायचा.

कंपनीचं आणि माझं बोलणं एवढंच होतं, आणि ते फार अपमानाचं आहे असं मला तेव्हा वाटायचं.

मग डिजिटल आलं. शेवटच्या खेपेला तो बॅगेशिवाय आला, चहा घेतला, "आता मोबाईलचे कव्हर विकतो" म्हणाला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठला. त्यानंतर कंपनी आमच्या गावात आली नाही. डार्करूममध्ये बायकोनं कांदे पसरले. कांद्यांना अंधार मानवतो, त्यामुळे त्या खोलीचं शिक्षण काही अगदीच वाया गेलं नाही.

कंपनी मला पुन्हा भेटली ती मोबाईलमध्ये. शहरातल्या पोरांना म्हणे पुन्हा रोलचं वेड लागलं होतं, आणि कंपनीनं आपलं एक पान काढलं होतं. तिथं ती रोज सकाळी एक प्रश्न विचारायची. सगळं इंग्रजीत, पण मोबाईल त्याचं मराठी करून द्यायचा. 'आज तुमच्या कॅमेऱ्यात काय आहे?' मी पहिल्या दिवशी मनापासून उत्तर लिहिलं: 'नमस्कार. कॅमेऱ्यात काही नाही. कपाटात आहे. आपली तब्येत कशी आहे?' थोड्या वेळानं खाली कंपनीचा बदाम आला. पिवळा.

मी बायकोला दाखवला. "कंपनीनं दिला."

"तुमाला?"

"मग कोणाला? माझ्याच खाली आहे."

"खाली तर समद्यांच्याच आहे," ती बोट सरकवत म्हणाली. "ह्या टोपीवाल्याला बी दिला. ह्या बाईला दोन दिले. देवळातला परसाद आहे हा, फुगू नका."

पण मी फुगलो. वीस वर्षं ज्या कंपनीनं माझ्या ट्रेला नाव ठेवलं, ती आता रोज सकाळी माझी विचारपूस करून राहिली होती. चहा मागत नव्हती, पडदा सारत नव्हती, हुंगत तर मुळीच नव्हती. नुसती वाहवा. मी रोज उत्तरं देऊ लागलो. माझ्याइतकं नेमानं कंपनीशी बोलणारा माणूस मराठवाड्यात दुसरा नसावा. तिकडून कधी बदाम यायचा, कधी 'आम्हाला हे आवडलं', आणि खाली सही: टीम.

एके दिवशी त्या पानावर एका परदेशी पोरानं कॉफीत धुतलेल्या रोलचा फोटो टाकला. खरंच धुतात तसं. कॉफी, धुण्याचा सोडा आणि आणखी एकदोन गोष्टी. कंपनी त्याच्यावर इतकी खूश झाली, की त्याला बदामांचा ढीग आणि वर 'तू आमची प्रेरणा आहेस'. मी सकाळपासून तीनदा उत्तरं लिहिली होती; मला एकही बदाम नव्हता. माझ्या पोटात दुखलं. हे मी आत्ता हसत लिहितोय, पण त्या दिवशी जेवलो नव्हतो.

आमच्याकडं तेव्हा हळद शिजायचे दिवस होते. शेजारच्या वावरात कुकरची वाफ, ताडपत्रीवर ओली हळद पसरलेली, आणि बायको पाठमोरी वाकून ती सारखी करत होती. मोबाईलवर फोटो काढला. बरा आला. मग एका ॲपनं त्यात जुन्या रोलसारखे दाणे घातले, कोपऱ्यात उजेड शिरल्याचा तांबडा डाग घातला, दोन ओरखडे ओढले. ज्या ओरखड्यांसाठी मी आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या, ते आता ॲप फुकट देत होतं. फोटो टाकला आणि खाली लिहिलं: 'तुमच्याच रोलवर. घरीच धुतला.'

कंपनीनं विचारलं, 'अप्रतिम! कशात धुतला?'

खरं सांगायला त्या वेळी एक ओळ पुरली असती. पण माझ्या डोळ्यांपुढं तो कॉफीवाला पोरगा उभा राहिला. मी लिहिलं: 'हळदीत.'

त्यानंतरचे काही दिवस म्हणजे आमच्या घरात बारसं असल्यासारखे होते. कंपनीनं माझा फोटो उचलून स्वतःच्या पानावर ठेवला. वर मथळा, 'हळदीच्या देशातून'. कुठल्या कुठल्या मुलखातली माणसं कृती विचारू लागली. मी बेसनाची भाजी सांगावी तशी कृती सांगितली: दोन चमचे हळद, एक चमचा सोडा, कोमट पाणी, अधूनमधून हलवत राहा. हळद मात्र वसमत भागातलीच हवी. हे मी का लिहिलं ते मलाही माहीत नाही. खोटं बोलतानाही माणसाला गावाचा अभिमान सुटत नसावा.

बायकोनं वाचून घेतलं. म्हणाली, "कढीपत्ता राहिला की."

"तुला कळत नाही त्यातलं."

"व्हय, मला न्हाई कळत. पण तुमी रोल घातला कवा आन धुतला कवा? डार्करूममधी माझे कांदे आहेत."

मी पान उलटावं तसा विषय उलटला.

मग एका पोरीचा फोन आला. पुसेगावच्या पुढं एक तांडा आहे, तिथली. हिंगोलीला कॉलेजात शिकते. सेनगावातला एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा त्याचा जुना कॅमेरा आणि रोल धुवायची टाकी तिनं घेतली होती. कंपनीचं पान तीही बघायची; माझा नंबर तिनं तिथूनच काढला होता. जगभरच्या फोटोंत एकदम आपल्या जिल्ह्यातली हळद दिसली म्हणून बिचारी हरखून गेली होती.

"काका, तुमी आमच्याकडलेच! मला खरं वाटलं न्हाई. मी मैत्रिणींना दाखवलं. काका, मी एक रोल काढला, आता धुवायला पुण्याला पाठवणार होते. पण तुमचं वाचलं. हळदीनं खरंच होते का?"

खरं सांगायचा हा दुसरा दरवाजा. यातूनही बाहेर पडता आलं असतं. पण पोरगी 'काका, काका' करत होती आणि मला बऱ्याच वर्षांत कुणी फोटोतलं काही विचारलं नव्हतं; विचारायचे ते आधारच्या झेरॉक्सचं. मी म्हणालो, "अगं, एवढ्या मोठ्या कंपनीनं छापलं. कंपनी काय खोटं बोलेल?"

कंपनीनं माझ्या भरवशावर छापलं होतं आणि मी कंपनीच्या भरवशावर सांगत होतो. असं ते साजरं गोल होतं. मधे उभं राहून फसायला फक्त एक माणूस कमी होता, तोही मिळाला.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी तिचा पुन्हा फोन. दुकानात पासपोर्ट फोटोसाठी आलेली चार माणसं बसलेली. मी त्यांना जगातल्या माझ्या कीर्तीबद्दलच सांगत होतो. फोन मुद्दाम स्पीकरवर टाकला. बघा म्हणावं, शिष्य आहेत.

"काका, आत्ता धुऊन राहिले. टाकीतलं पाणी बाहेर सांडलं थोडं, ते लालभडक झालंय. असंच व्हायला पाहिजे का?"

हळदीत सोडा पडला की लाल होतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. हळदीचं कुंकू असंच होतं. त्याचा फोटोशी संबंध नाही. मी म्हणालो, "तेच पाहिजे! बराबर चाललं तुझं."

"मग आता हायपो टाकू?"

हायपो म्हणजे काय ते सांगायला हवं. रोलवर फोटो काढला की तो लगेच दिसत नाही. फिल्मच्या पोटात झोपलेला असतो. डेव्हलपर त्याला उठवतं. जो उठला तो राहतो, आणि जो झोपलेला राहिला त्याला हायपो कायमचा पुसून टाकतो. तोवर मात्र काही बिघडलेलं नसतं. टाकी बंद ठेवून ते हळदीचं पाणी ओतलं असतं, रोल स्वच्छ धुतला असता, तसाच अंधारात पुण्याला धाडला असता, तर सगळे नाही तरी बरेचसे फोटो जागे झाले असते. मला हे माहीत होतं. या धंद्यात मला जे थोडंफार पक्कं माहीत आहे, त्यातलं हे एक.

चार माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती.

"टाक," मी म्हणालो. "बिनधास्त टाक."

"थँक्यू काका!"

एकजण म्हणाला, "वा! फोनवरून धुता व्हय तुमी?" आणि मी हसलो. ते हसू अजून माझ्या गालांत कुठं तरी अडकलेलं आहे. दाढी करताना आरशात दिसतं.

संध्याकाळी तिनं फोटो पाठवला. खिडकीत दोरीला टांगलेली फिल्म. अथपासून इतिपर्यंत कोरी, पिवळी धमक, आरपार. पलीकडचं लिंबाचं झाड तिच्यातून दिसत होतं. खाली लिहिलं होतं: 'काका, माझं कुठं चुकलं असंल?'

आपण वाचून सोडून द्याल असं ते वाक्य आहे. मी पुन्हा पुन्हा वाचलं. तिला माझी चूक असेल ही शंकासुद्धा आली नव्हती. आणि मी काय लिहिलं? 'सोडा जास्त झाला असेल. पुढच्या वेळी जपून.'

'हो काका, सोडाच जास्त पडला असंल. मी घाई केली. पुढच्या वेळचं मात्र अवघड आहे. रोलवर आजी होती.'

मग तिनं तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. तिच्या आजीकडं स्वतःच्या हातानं शिवलेली फेट्या-कांचळी होती. आरशाची भिंगं लावलेला घागरा आणि चोळी. तांड्यातल्या बायका आता साड्या नेसतात, आजीही नेसायची. ते कपडे पेटीत होते. नातींनी कितीदा म्हटलं तरी घालत नव्हती. शेवटी तिनंच ठरवलं की कपडा पेटीत कुजवण्यापेक्षा उसवून भिंगांची पट्टी-पट्टी नातींना वाटावी, त्या आपल्या पिशव्यांना लावतील. पण उसवायच्या आधी एक दिवस घालीन, म्हणाली, तू फोटो काढ. मोबाईलमधला नको, कागदावरचा पाहिजे, भिंतीला लावायचा. त्या दिवशी आजी सगळा तांडा फिरली. विहिरीवर बसली, चुलीपुढं बसली, दारात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन सगळं उसवलं.

मी विचारलं, 'मोबाईलवर एक पण नाही काढला?'

'न्हाई ना. कंपनीनं सांगितलं होतं ना, फोन खिशात ठेवा, रोलवर भरवसा ठेवा. त्यांचा तो बिनफोनचा आठवडा चालू होता. मी फोन घरीच ठेवला होता.'

त्या आठवड्याला होकार लिहून मीही बदाम घेतला होता.

बायकोला सांगितलं. मला वाटलं टोमणा मारेल. ती उठली आणि डार्करूममध्ये जाऊन कांद्यांचं पोतं ओढत बाहेर घेऊन आली. मी म्हणालो, "हे काहून?" तर म्हणाली, "तिथं तुमाला तोंड लपवून बसायला जागा लागंल."

पण बसून भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडी काढली. शिरड शहापूर, औंढा, हिंगोली करत पुसेगावच्या पुढं गेलो. वाटेत प्रत्येक चहाच्या टपरीवर थांबलो. तहान नव्हती, पोचायचं नव्हतं. मनात वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्यात दोष हळूच दुसऱ्याकडं सरकत होता. औंढ्यापर्यंत तो हळदीवर होता, हिंगोलीत कंपनीवर आला.

तांड्यात पोरीनं पाणी दिलं, सतरंजी टाकली. "काका एवढ्या लांबून आले," असं आजीला सांगितलं. आजी सुती साडीत उंबऱ्यावर बसली होती. हातात सुई, मांडीवर भिंगांची पट्टी. एका नातीच्या पिशवीला लावणं चालू होतं. मी हलल्यावर त्या भिंगांत दहा-बारा ठिकाणी मीच हलत होतो.

मी सांगून टाकलं. हळदीत रोल धुतला जात नाही, मी कधी धुतला नाही, तो फोटोही मोबाईलचा होता. हायपो टाकू नको म्हणायला हवं होतं, तेही कळत होतं.

पोरगी बघत राहिली. "म्हंजी तवा वाचला असता रोल?"

"व्हय."

"मी इचारलं होतं तुमाला."

"व्हय."

"मग काहून टाक म्हणले?"

"दुकानात माणसं बसली होती."

यापेक्षा हलकं कारण मी आयुष्यात कुणाला दिलेलं नाही, आणि ते खरं होतं. तिनं आजीला त्यांच्या बोलीत सगळं सांगितलं. आजीनं सुई थांबवली नाही. दोरा दातानं तोडला आणि मला ऐकू जावं म्हणून मराठीत म्हणाली, "हळदीनं फोटू निघत असते, तर आमच्या समद्यांच्या लग्नाचे निघाले असते. अंगभर लावली होती."

पोरगी एकदम हसली. मग तिचे डोळे भरले आणि ती आत गेली.

मी उठायला लागलो, तर आजी म्हणाली, "बसा. लेकरू येऊ द्या. दुकानात माणसं बसली होती न्हाई का तवा. आता इथं मी बसली हाय."

मी बसलो. आजीनं आणखी चार भिंगं लावली. नवीन रोल देतो, मोठा फोटो करून देतो, असं बरंच काही माझ्या जिभेवर आलं. पण फोटो कशाचा, ते मांडीवर पट्ट्या-पट्ट्यांनी पडलं होतं.

पोरगी तोंड धुऊन आली आणि मोबाईल घेऊन माझ्याशेजारी बसली. "काका, ते कंपनीच्या पानावर अजून आहे. आणखी कोणी करंल. आधी तिथं सांगा."

"मला इंग्रजी..."

"मी लिहिते. तुमी सांगा."

मी सांगितलं. ती टाईप करत गेली आणि मधेच थांबली. "इथं काय लिहू? चूक झाली, असं लिहू, का खोटं बोललो?"

इतकं सगळं होऊनही माझ्या तोंडून निघालं, "चूक झाली लिही."

तिनं लिहिलं नाही. बोट तसंच अधांतरी. आजीला काय चाललंय ते कळत नसावं, पण तिचीही सुई थांबली होती.

"खोटं बोललो लिही," मी म्हणालो.

लिहिलं. पाठवलं. मी कंपनीच्या त्या जुन्या बॅगवाल्या माणसाची वाट बघावी तशी वाट बघत बसलो. कंपनीनं आता पडदा सारावा, ट्रे हुंगावा, चारचौघांत म्हणावं: मालक, गिऱ्हाइकाची माती केली तुमी. मला तेच ऐकायचं होतं. चहा होईपर्यंत उत्तर आलं. पोरीनं वाचून दाखवलं: 'तुमचा प्रवास आमच्यासोबत वाटून घेतल्याबद्दल आभार! प्रयोग करत राहा. टीम.' आणि पिवळा बदाम.

"त्यांनी वाचलंच न्हाई, काका."

"वाचत असतील," मी म्हणालो. कंपनीची बाजू घ्यायची सवय लवकर सुटत नाही.

मग तिनं स्वतःच एक केलं. खिडकीतल्या त्या कोऱ्या पिवळ्या फिल्मचा फोटो माझ्या कबुलीच्या खाली टाकला. एक शब्द लिहिला नाही. मी निघायला पायात चपला सरकवतोय तोच कंपनीचं आलं: 'काय सुंदर रंग! यात काय आहे?'

पोरीनं माझ्याकडं पाहिलं नाही. मराठीतच लिहिलं: 'माझी आजी.'

परत आल्यावर मी माझा हळदीचा फोटो पुसून टाकला. कंपनीच्या पानावरचा मात्र अजून आहे. तो माझ्या हातात नाही. कृती विचारणारा कुणी आला, की त्याच्या खाली मी लिहितो, हळदीनं रोल धुतला जात नाही, मी खोटं बोललो. लोकांना विनोद वाटतो. हसरी तोंडं येतात.

त्या 'माझी आजी'खाली कंपनीचं काही आलेलं नाही. बदामसुद्धा नाही. सकाळी दुकान उघडलं की आधी मी तेच बघतो.